हरित पैसा रबाळ्याच्या गाळ्यापर्यंत पोहोचवा: एमआयडीसीच्या संचालक मंडळाला खुले पत्र

प्रति,
संचालक मंडळ,
महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी)

विषय: ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात सामाईक वाफ, सामाईक सॉल्व्हंट शुद्धीकरण आणि पुनर्वापराचे पाणी यांसाठी महामंडळाने स्वतः हरित कर्ज उभारण्याबाबत

महोदय आणि महोदया,

दिघ्यापासून शिरवण्यापर्यंतच्या कारखान्यांत बॉयलर, वाफेच्या लाइन आणि सांडपाणी शुद्ध करणारे संच (ईटीपी) बसवणे, दुरुस्त करणे आणि त्यांच्या ऊर्जेचा हिशेब काढून देणे हे माझे काम आहे. त्यामुळे या पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांची मागची बाजू मला चांगली ठाऊक आहे. पुढे कंपनीची पाटी, पर्यावरण दिनाला लावलेले रोप आणि प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रातले आकडे लिहिलेला फलक असतो. मागे चिमणी, गळके स्टीम ट्रॅप, सॉल्व्हंटचे (म्हणजे रसायने विरघळवायला वापरलेल्या द्रवांचे) ड्रम आणि नाला असतो. हे पत्र त्या मागच्या बाजूविषयी आहे. ती बदलायची तर सगळ्यात मोठी जबाबदारी तुमची आहे, कारण या जमिनीचे मालक तुम्ही आहात. म्हणून ते तुम्हालाच लिहितो आहे.

मागणी आधीच सांगून टाकतो. छोट्या कारखान्याला एकट्याने हरित व्हायला सांगणे पुरे झाले. हरित तंत्रज्ञान वसाहतीच्या पातळीवर बसवा, त्यासाठी कर्ज महामंडळाच्या नावावर घ्या आणि कारखान्यांकडून ते वापराच्या दरातून वसूल करा.

यात महामंडळाच्या स्वभावाबाहेरचे काही नाही. १९६२ साली महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून कामाला सुरुवात झाली. त्या वेळच्या योजनेत एक मोठे शहाणपण होते. दोन लेथ घेऊन धंदा सुरू करणाऱ्या माणसाने रस्ता बांधायचा नाही, जलवाहिनी टाकायची नाही, विजेच्या खांबासाठी हेलपाटे घालायचे नाहीत. ते एकदाच, सगळ्यांसाठी महामंडळाने करायचे आणि पैसे हळूहळू दरातून परत घ्यायचे. बदलापूरजवळचे बारवी धरण याच विचारातून झाले. कुठल्याही एका कारखान्याच्या ऐपतीत धरण बसले नसते. महामंडळाने ते बांधले म्हणून ठाणे जिल्ह्यातल्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. आज छोट्या कारखानदाराची अडचण वेगळी आहे. रस्ता, पाणी आणि वीज त्याला मिळते. त्याला आता कमी धुराची उष्णता हवी आहे, वापरलेले रसायन शुद्ध करून परत मिळायला हवे आहे, सांडपाण्याचा नीट निपटारा हवा आहे. यातली प्रत्येक गोष्ट धरणासारखीच एकट्याच्या आवाक्याबाहेरची आहे आणि ती आपण एकेकट्याच्या गळ्यात अडकवली आहे.

पैसा नाही, असे या देशात आज कुणाला म्हणता येणार नाही. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये पहिले सार्वभौम हरित रोखे, म्हणजे फक्त पर्यावरणपूरक कामांसाठीचे सरकारी कर्जरोखे, काढले आणि त्या आर्थिक वर्षात दोन हप्त्यांत १६,००० कोटी रुपये उभे केले. रिझर्व्ह बँकेची हरित ठेवींची नियमावली १ जून २०२३ पासून लागू आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०२५ मध्ये १,००० कोटींची योजना आणली, तिच्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात पाच टक्के आणि मध्यम उद्योगांना तीन टक्के सवलत आहे. सार्वभौम रोख्यांचा पैसा विजेवरची रेल्वे इंजिने, मेट्रो, सौर आणि पवन ऊर्जा अशा मोठ्या कामांकडे गेला, आणि त्यात गैर काही नाही. मोठ्या कंपन्यांना तर हरित कर्ज द्यायला बँका स्वतःहून येतात. त्यांच्याकडे पतमानांकन असते, सेबीला द्यायचा शाश्वततेचा अहवाल लिहिणारा वेगळा विभाग असतो, छतावर सौर पॅनेल बसवायला अखंड स्लॅब असतो. हा पैसा अडतो तो रबाळे आणि पावणे एमआयडीसीच्या गाळ्यांच्या दाराशी.

तो का अडतो, हे एका उदाहरणावरून लक्षात येईल. औषधांना लागणारी मधल्या टप्प्यावरची रसायने (इंटरमीडिएट्स) बनवणारा एक लहान कारखाना. मालक स्वतः रसायनशास्त्र शिकलेला, कामगारांना वेळेवर पगार देणारा. त्याला सॉल्व्हंट परत मिळवायचा कॉलम आणि कंडेन्सेट, म्हणजे वाफ निवून झालेले गरम पाणी, परत आणायची लाइन बसवायची होती. हिशेब मीच करून दिला होता. इंधन आणि टोल्युइन (त्याचे सॉल्व्हंट) यांच्या बचतीतून खर्च तीन वर्षांच्या आत निघत होता. बँकेने तारण मागितले. जागा महामंडळाच्या दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावरची, पण पट्टा मूळ भूखंडधारकाच्या नावावर आणि हा माणूस त्याचा पोटभाडेकरू. गहाण ठेवायला महामंडळाची संमती लागते, ती मागायचा अधिकार पोटभाडेकरूला नाही, आणि दुसऱ्याच्या कर्जासाठी आपला भूखंड अडकवायला मूळ धारक का तयार होईल? यंत्रच तारण घ्या म्हटले, तर बँकेच्या लेखी त्या कॉलमला बाजारात किंमत नव्हती. शिवाय सांडपाणी आणि धूर सुधारणाऱ्या यंत्राकडे बँक उत्पन्न न देणारा खर्च म्हणूनच पाहते. कर्ज झाले नाही. टोल्युइन अजून ड्रममधून जाते.

व्याजातली पाच टक्के सवलत ज्याला कर्जच मिळत नाही त्याच्या काय कामाची? सवलती वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. कर्ज घेणारा बदलावा लागेल. ज्याच्याकडे जमीन आहे, ज्याला पत आहे, ज्याला शासनाच्या मंजुरीने कर्ज उभारायचा अधिकार आहे आणि जो दर महिन्याला पाण्याचे बिल वसूल करतोच, असा एकच कर्जदार या पट्ट्यात आहे. तो म्हणजे महामंडळ.

आता वाफेबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते सुरुवात तिथून व्हायला हवी.

रंग, औषधे, रबर, खाद्यपदार्थ, कापडाचे प्रोसेसिंग, यांतल्या बहुतेक कारखान्यांना वाफ लागते. प्रत्येकाकडे स्वतःचा लहान बॉयलर असतो. कुणी त्यात पाइप गॅस जाळतो, कुणी फर्नेस ऑइल, कुणी ब्रिकेट (शेतीचा टाकाऊ माल दाबून केलेल्या विटा) किंवा लाकूड. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर गॅसचे दर चढले तेव्हा ज्यांना शक्य होते त्यांच्यापैकी काहींनी पुन्हा जुने इंधन धरले. त्यांना दोष देऊन काय मिळणार? मालाचा दर खरेदीदार ठरवतो आणि इंधनाचा दर जग ठरवते. या दोघांच्या मध्ये छोट्या कारखानदाराकडे वाकायला फारशी जागा नसते.

या लहान बॉयलरची खरी अडचण इंधनाच्याही आधीची आहे. या कारखान्यांत काम बॅचने चालते. रिअॅक्टर तापवताना दोन तास भरपूर वाफ लागते, मग तो थंड करताना जवळजवळ काहीच लागत नाही. बॉयलर मात्र त्या दोन तासांच्या मापाने घेतलेला असतो. उरलेल्या वेळी तो अर्ध्याहून कमी भारावर धुगधुगत राहतो, बर्नर बंद-चालू होतो, ज्वलन बिघडते आणि धूर होतो. बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्याचे तापमान सहा अंशांनी वाढवले की इंधन सुमारे एक टक्का वाचते, हा आमच्या धंद्यातला साधा ठोकताळा. कंडेन्सेट नव्वद अंशांच्या आसपासचे असते आणि टाकीतले पाणी तीसच्या. म्हणजे सगळे कंडेन्सेट परत आणता आले तर इंधनाचा दहावा भाग तिथेच वाचला. पण पाच ठिकाणी गळणाऱ्या, लॅगिंग (उष्णता धरून ठेवणारे आवरण) निघालेल्या जुन्या लाइनवर हे कोण करणार? लहान कारखान्यात बॉयलर अटेंडंट अनेकदा तोच असतो जो पंपही पाहतो, मालही उतरवतो आणि रात्रपाळीला एकटाच असतो. डोंबिवलीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये कारखान्यांत झालेले स्फोट ठाणे जिल्हा विसरलेला नाही. वस्तीला खेटून असलेल्या गाळ्यांत दाबाखाली चालणारी पात्रे किती असावीत आणि ती कुणाच्या देखरेखीखाली असावीत, हा प्रश्न धुराइतकाच निकडीचा आहे.

आता कल्पना करा, की पावणे किंवा रबाळ्याच्या एका ब्लॉकमध्ये तीसेक कारखान्यांसाठी एकच वाफ केंद्र आहे. तीस कारखान्यांच्या बॅच एकाच वेळी तापत नाहीत, म्हणून केंद्रावरचा भार दिवसभर बराचसा सारखा राहतो. मोठ्या बॉयलरला धुराच्या उष्णतेने पाणी तापवणारा इकॉनॉमायझर बसवणे परवडते, धूळ अडवणारे बॅग फिल्टर परवडते, ऑक्सिजन पाहून हवा कमी-जास्त करणारे नियंत्रण परवडते, तिन्ही पाळ्यांना प्रशिक्षित माणसे परवडतात. लॅगिंग केलेल्या लाइनमधून वाफ कारखान्याच्या दारात येते आणि मीटरवर मोजली जाते. तीस चिमण्यांच्या जागी एक चिमणी राहते, आणि एका चिमणीवर लक्ष ठेवणे प्रदूषण मंडळाला खरोखर शक्य असते. सोसायटीत प्रत्येक बिऱ्हाडाने स्वतःची लिफ्ट बसवावी असे आपण म्हणत नाही, मग प्रत्येक गाळ्याने स्वतःचा बॉयलर बाळगावा हा आग्रह कशासाठी?

हे कागदावरचे स्वप्न नाही. शेजारच्या गुजरातेत अंकलेश्वर, वापी आणि सचिन इथल्या वसाहतींत सामाईक बॉयलरमधून कारखान्यांना नळीने वाफ विकली जाते. तिथल्या व्यवस्थेत कोळसाही जळतो आणि आपण ती तशीच उचलू नये. आपल्याकडे ठाणे आणि नवी मुंबईत पाइप गॅसचे जाळे आहे, राज्यात भाताच्या तुसापासून कपाशीच्या पऱ्हाट्यांपर्यंत शेतीचा भरपूर टाकाऊ माल आहे. मोठ्या, नीट चालवलेल्या बॉयलरमध्ये ब्रिकेट स्वच्छ जळते. लहान बॉयलरमध्ये तेच ब्रिकेट जळताना कोपरखैरण्यातल्या खिडक्यांवर काजळी बसते.

हरित तंत्रज्ञान चुकीच्या आकारात बसवले तर ते उलट नुकसान करते, हे मी फार पाहिले आहे. शून्य सांडपाणी विसर्गाचेच घ्या. हुकूम निघतो, कारखानदार आरओ घेतो, आरओने टाकलेल्या खाऱ्या पाण्यासाठी बाष्पीभवनाचा मल्टिपल इफेक्ट संच घेतो. त्या संचाला वाफ लागते. ती वाफ त्याच जुन्या बॉयलरमध्ये लाकूड जाळून केली जाते. पाण्याचे प्रदूषण हवेत जाते, इंधनाचा खर्च मालकाला सोसत नाही, मग संच फक्त तपासणीच्या दिवशी चालतो. यंत्र खरे आहे, विकणाऱ्याने फसवलेले नाही, अनुदानही कदाचित मिळालेले आहे. तरी नाल्याचे पाणी जसेच्या तसे राहते.

याच तंत्रज्ञानाने तमिळनाडूत तिरुपूर सावरले, कारण तिथे ते एकत्र येऊन बसवले गेले. २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने तिथल्या रंगाईच्या कारखान्यांना कुलूप लावायला सांगितले. शेकडो कारखाने बंद पडले, कामगार गावी परतले. नंतर राज्य सरकारने सांडपाण्याच्या सामाईक केंद्रांना बिनव्याजी कर्जाचा आधार दिला आणि केंद्रे सुधारून शून्य विसर्गावर आणली गेली. रंगाईला लागणारे मीठ त्या खाऱ्या पाण्यातूनच परत मिळवून पुन्हा वापरात आणले गेले. तो रस्ता सोपा नव्हता, बराच खर्च झाला आणि काही कारखाने कायमचे गेले. पण रंगाईच्या सांडपाण्याने नासलेल्या नोय्यल नदीचा प्रश्न प्रत्येक रंगारी आपापल्या शेडमध्ये सोडवील, या भ्रमातून ते शहर बाहेर आले. आपण ठाणे जिल्ह्यात अजून त्या भ्रमात आहोत.

वापरलेल्या सॉल्व्हंटचेही तेच. नियमाप्रमाणे ते अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे जायला हवे. तिथपर्यंतची वाहतूक आणि शुल्क लहान मालकाला जड जाते आणि रात्रीचा टँकरवाला निम्म्या पैशात घेऊन जायला तयार असतो. २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरने सोडलेल्या रसायनाच्या वायूने शेकडो माणसे रुग्णालयात गेली होती. २०१७ मध्ये तळोज्यात कासाडी नदीजवळचे, कारखान्याच्या रंगाने निळे पडलेले कुत्रे सगळ्या जगाने फोटोत पाहिले. दोन्ही घटनांनंतर कारवाई झाली, ती व्हायलाच हवी होती. पण कायदेशीर वाट बेकायदा वाटेपेक्षा लांब आणि महाग असेल, तोवर कारवाई एकामागून एक करावी लागणार. वसाहतीतच एक सामाईक डिस्टिलेशन केंद्र असले, ड्रम आत देताना वजन होऊन पावती मिळाली आणि शुद्ध झालेले मिथेनॉल-टोल्युइन नव्यापेक्षा स्वस्तात परत घेता आले, तर टँकरवाल्याचे गिऱ्हाईक आपोआप तुटेल. महापेत घातक कचऱ्याची सामाईक सोय आहे, पावण्यात सांडपाण्याचे सामाईक केंद्र आहे. एकत्र येण्याची सवय या पट्ट्याला आहे. ती कचरा पुरण्यावर आणि पाणी सोडण्यावर येऊन थांबली. परत मिळवण्याकडे ती वळली नाही.

पाण्याच्या बाबतीत तर अर्धे काम झालेले आहे. नवी मुंबई महापालिकेने अमृत योजनेतून कोपरखैरणे आणि ऐरोली इथे सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारे प्रत्येकी २० दशलक्ष लिटर क्षमतेचे प्रकल्प उभे केले. ते पाणी कारखान्यांनी वापरावे यासाठीच केले. बारवीची उंची वाढवताना मुरबाडकडच्या गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. त्या गावांनी सोडलेल्या जमिनीवर साठलेले पिण्याजोगे पाणी कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन उडून जावे, हे मनाला पटत नाही. पुनर्वापराच्या पाण्याची दुसरी लाइन प्रत्येक ब्लॉकपर्यंत न्या, आणि कूलिंग, धुणे व बागेसाठी बारवीचे पाणी वापरणाऱ्याला ते स्पष्टपणे महाग करा. नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते, हा आपल्याच राज्याचा अनुभव आहे. उत्तर प्रदेशातल्या गाझियाबाद महापालिकेने २०२१ मध्ये १५० कोटींचे हरित रोखे काढले ते नेमके याच कामासाठी: सांडपाणी शुद्ध करून साहिबाबादच्या कारखान्यांना विकायचे आणि त्या विक्रीतून रोखे फेडायचे. २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनेही हरित रोख्यांतून पैसे उभे केले. महापालिका जे करू शकते ते महामंडळाला अवघड जाऊ नये. महामंडळाकडे तर ग्राहक आधीच बिलाच्या यादीत आहेत.

डेटा सेंटरचा विषय टाळता येत नाही. ऐरोली, रबाळे, महापे या भागांत जुन्या कारखान्यांच्या भूखंडांवर ती झपाट्याने उभी राहिली आहेत. राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणाने त्यांना सवलती दिल्या आहेत. धूर नाही, सांडपाणी थोडे, म्हणून त्यांना हरित म्हणण्याकडे कल आहे. पण त्यांची विजेची भूक प्रचंड आहे आणि गच्चीवर, आवारात डिझेल जनरेटरच्या रांगा आहेत. त्यांची उष्णता कारखान्यांना द्यावी असे कुणी सुचवतात. आपल्या हवेत त्या कोमट हवेचा वाफेला काही उपयोग नाही, तो नाद सोडलेला बरा. त्यांच्याकडून दोन गोष्टी मात्र घ्याव्यात. कूलिंगसाठी त्यांनी पुनर्वापराचेच पाणी घ्यावे, म्हणजे त्या दुसऱ्या लाइनला पहिल्या दिवसापासून मोठा, खात्रीचा ग्राहक मिळेल. आणि भूखंड हस्तांतरित होताना महामंडळाला जे शुल्क मिळते त्यातला ठरलेला हिस्सा त्याच वसाहतीच्या सामाईक हरित कामासाठी बाजूला ठेवावा. जुना कारखाना गेला, त्याच्या जमिनीची किंमत शंभर पटींनी वाढली, त्या वाढीतले काही शेजारच्या अजून चालू असलेल्या गाळ्याला मिळाले तर त्यात अन्याय कुणावर?

ठाणे शहराकडे पाहून मला नेहमी एक भीती वाटते. वागळे इस्टेटमधले कितीतरी अभियांत्रिकी कारखाने गेले, पोखरण रोडवरच्या गिरण्या-कारखान्यांच्या जागी टॉवर आले. हवा सुधारली असे म्हणणारे भेटतात. पण ते कारखाने स्वच्छ झाले नाहीत, निघून गेले. कुणी तळोज्याला, कुणी तारापूरला, कुणी महाडला, कुणी गुजरातेत. जिथे गेले तिथे तोच बॉयलर आणि तसाच नाला आहे. इथला फिटर, टर्नर, केमिकल प्लँट ऑपरेटर मात्र त्यांच्याबरोबर गेला नाही, तो सुरक्षारक्षक झाला. उद्योग हुसकावून मिळवलेली स्वच्छ हवा दुसऱ्या गावाच्या छातीवर बसते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात तरी हे पुन्हा होऊ नये, उद्योग इथेच राहून सुधारावा, असे मला मनापासून वाटते. समोर खाडी आहे. २०२२ मध्ये ती रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाली, फ्लेमिंगोंमुळे तिचे नाव झाले, आणि घणसोली-दिवा-वाशीच्या कोळ्यांचे पोट तिच्यावर कितीतरी आधीपासून आहे. त्यांना जिताडा आणि कोलंबी हवी आहे आणि त्यांच्याच घरातल्या मुलांना एमआयडीसीत नोकरी हवी आहे. यातली एक मागा, असे त्यांना आपण सांगू शकत नाही.

निर्यातदारांवर आलेल्या वेळेकडेही तुमचे लक्ष वेधतो. युरोपची कार्बन सीमाकराची (आयात मालाच्या कार्बन उत्सर्जनावरच्या आकाराची) व्यवस्था २०२६ पासून पूर्णपणे लागू झाली आहे, आणि तिच्यात पोलादाबरोबर नट-बोल्ट आणि स्क्रूसुद्धा येतात. आपल्या पट्ट्यात असे फास्टनर करणारे लहान कारखाने आहेत. त्यांना खरेदीदाराकडून तक्ते येतात: किती वीज वापरली, कुठली, किती इंधन, किती उत्सर्जन. मोजमाप नसेल तर युरोपचे ठरीव आकडे लागतात आणि ते महाग पडतात. त्या माणसाला हरित वीज घ्यायची असते. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित ओपन अॅक्सेसची (हरित वीज थेट उत्पादकाकडून घेण्याची) मर्यादा एक मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली, ही मोठी गोष्ट झाली. पण अनेक गाळ्यांचा भार त्याहून कमी असतो आणि शेडवरचे जुने सिमेंटचे पत्रे सौर पॅनेलचे वजन पेलत नाहीत, खाडीच्या खाऱ्या हवेने लोखंडी कैच्या खाल्लेल्या असतात. इथेही एखाद्या गाळ्यापाशी उत्तर मिळणार नाही. शेडची छपरे बदलण्याचे आणि त्यावर पॅनेल बसवण्याचे काम महामंडळाने एकत्र काढले, तर पुरवठादार दर कमी करतील.

तुमच्यासमोर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. सामाईक बॉयलर बंद पडला तर तीस कारखाने बंद पडतील, हा पहिला. म्हणून केंद्रात राखीव बॉयलर हवा आणि कारखान्यांचे गॅसवरचे चांगले बॉयलर काही काळ राखीव म्हणून राहू द्यावेत. थकबाकीचा आक्षेप जास्त गंभीर आहे. वाफ मोजून विका, आगाऊ ठेव घ्या, पाण्याच्या बिलाशी जोडा. तिसरा आक्षेप कारखानदारांचाच असतो, की वाफेचे आकडे बाहेर गेले तर स्पर्धकाला आपले उत्पादन कळेल. ते आकडे गोपनीय ठेवता येतात. केंद्राच्या चिमणीचे आणि सांडपाण्याचे आकडे मात्र सतत, सगळ्यांना दिसतील असे हवेत. प्रदूषण मंडळाने २०१७ पासून चिमण्यांच्या धुरानुसार कारखान्यांना तारे देण्याची पद्धत आणली, ती चांगली आहे. सुरतने त्यापुढचे पाऊल टाकले. २०१९ पासून तिथे कापड कारखान्यांच्या चिमण्यांतून निघणाऱ्या धूलिकणांचे सतत मोजमाप होते आणि उत्सर्जनाचे परवाने खरेदी-विक्रीला आहेत. त्या योजनेतल्या कारखान्यांचे उत्सर्जन वीस ते तीस टक्क्यांनी कमी निघाले. मोजमाप विश्वासाचे असले की मालकही खर्च करायला तयार होतो, कारण शेजारी फुकटात सुटत नाही याची त्याला खात्री असते.

सामाईक व्यवस्था ढिसाळपणे चालवल्या तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. एकाने जहाल सांडपाणी सोडले की सगळ्या केंद्रातले, पाणी शुद्ध करणारे जिवाणू मरतात आणि दंड सगळ्यांना बसतो. म्हणून वाफ केंद्र चालवायला देताना सगळ्यात कमी दराच्या निविदेवर जाऊ नका. मिळणारे पैसे चिमणीच्या आणि पाण्याच्या प्रत्यक्ष आकड्यांशी बांधा. करार निदान पंधरा वर्षांचा असू द्या, कारण दोन वर्षांच्या कंत्राटदाराला लॅगिंग टिकवण्यात रस नसतो.

माझी विनंती एका ब्लॉकपुरतीच आहे. पावणे किंवा रबाळे यांपैकी एक ब्लॉक निवडा, जिथे वाफ वापरणारे कारखाने जवळजवळ आहेत. तिथल्या बॉयलरची क्षमता, इंधन, वाफेची खरी मागणी, वापरलेले सॉल्व्हंट, कूलिंगचे पाणी यांची मोजणी महामंडळाच्या खर्चाने करून घ्या आणि तो अहवाल जाहीर करा. त्यावर एक वाफ केंद्र, एक डिस्टिलेशन केंद्र आणि पुनर्वापराच्या पाण्याची लाइन असा एकत्र प्रकल्प बांधा. त्यासाठी शासनाची मंजुरी घेऊन महामंडळाच्या नावाने हरित रोखे काढा. जोडणी घेणाऱ्या पोटभाडेकरूला मूळ धारकाच्या संमतीवाचून ती मिळेल असा नियम करा, नाहीतर पहिल्याच पायरीवर सगळे अडेल. ज्या कारखान्यांचे बॉयलर बंद होतील तिथल्या अटेंडंटना केंद्रात आधी सामावून घ्या. त्यांना आग आणि दाब दोन्हीची ओळख आहे, आणि ती माणसे वाऱ्यावर सोडून उभारलेल्या केंद्राला या पट्ट्यात कुणी आपले म्हणणार नाही.

मोजणीचे काम सुरू होणार असेल, तर ज्या कारखान्यांत मी काम केले आहे तिथल्या मालकांची परवानगी घेऊन वाफेच्या आणि इंधनाच्या माझ्या नोंदी मी विनामूल्य द्यायला तयार आहे. या पट्ट्यात माझ्यासारखे काम करणारे आणखी काही जण आहेत, तेही देतील असे मला वाटते. महापेच्या तुमच्या कार्यालयात कारखानदार संघटना, कामगार संघटना, महापालिकेचे पाणीपुरवठा अधिकारी, प्रदूषण मंडळ आणि एक-दोन बँका यांची एकत्र बैठक लावा आणि तारीख आधी जाहीर करा, म्हणजे पोटभाड्याने चालवणारे छोटे मालकही पाळी लावून येऊ शकतील.

कळावे,

आपला,
ठाणे-बेलापूर पट्ट्यात काम करणारा एक बॉयलर अभियंता
कोपरखैरणे, नवी मुंबई